पंप खोलण्याआधी धूर बघा: जुन्या छोट्या ट्रॅक्टरच्या स्टार्टिंगच्या आणि डिझेलच्या तक्रारी

प्रश्न निफाड तालुक्यातल्या एका द्राक्ष बागायतदाराचा आहे. थोडक्यात असा: तीन सिलिंडरचा, अठरा एचपीचा, हीटर प्लगवाला छोटा ट्रॅक्टर, २००९ चा, सेकंडहँड घेतलेला. ऑक्टोबर छाटणीनंतर फवारणीसाठी सकाळी लवकर काढायला गेलं की इंजिन फिरतं, सायलेन्सरमधून पांढऱ्या धुराचे लोट निघतात, पण घेत नाही. दोघांनी ढकलला तर घेतो. ऊन चढल्यावर मात्र अर्ध्या सेल्फला सुरू. दुसरी तक्रार: ब्लोअर लावून वीस-पंचवीस मिनिटं चालला की रेस खाली येते आणि गचके देत बंद पडतो. दहा मिनिटं थांबलं की काही न करता सुरू होतो, थोड्या वेळाने पुन्हा तेच. दोन्ही डिझेल फिल्टर नवे टाकून झाले. गॅरेजवाला म्हणतो डिझेल पंप गेलाय, अठरा-वीस हजार धरून चाला. पंप काढू का?

नका काढू. निदान आत्ता नका.

ऊन चढलं म्हणून खराब पंप सुधारत नाही, आणि दहा मिनिटं उभा ठेवला म्हणूनही सहसा सुधारत नाही. एक-दोन अपवाद आहेत, ते शेवटी सांगतो. तुमच्या ट्रॅक्टरमध्ये दोन वेगवेगळे बिघाड आहेत. दोन्हींचं खापर पंपावर फुटतंय, कारण पंपाच्या आत काय चाललंय ते मालकाला दिसत नाही आणि त्यामुळे त्यावर वादही घालता येत नाही.

डिझेल इंजिनात पेट्रोलसारखी ठिणगी नसते. सिलिंडरमधली हवा दाबली गेली की तापते आणि त्या तापलेल्या हवेत फवारलेलं डिझेल पेट घेतं. म्हणजे लागतात तीनच गोष्टी: डिझेल, हवा आणि उष्णता. यातलं काय कमी पडतंय ते सायलेन्सर सांगतो. सेल्फ मारताना एका माणसाला सायलेन्सरकडे बघायला उभं करा. पांढरा, डोळ्यांना झोंबणारा, कच्च्या डिझेलच्या वासाचा धूर येत असेल तर टाकीतलं डिझेल फिल्टरमधून पंपात, पंपातून नोझलपर्यंत आणि नोझलमधून सिलिंडरमध्ये पोचलंय. पेटत मात्र नाही. धूरच नाही, सायलेन्सर कोरडा ठणठणीत, तर डिझेल पोचतच नाही. या दोन अवस्थांचे रस्ते पूर्ण वेगळे आहेत आणि निम्मे लोक चुकीच्या रस्त्याने अर्धा दिवस घालवतात. सुरू झाल्यावरचा काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त, निळा म्हणजे ऑइल जळतंय. ते आज आपल्या कामाचं नाही. मात्र इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल, वास गोडसर येत असेल आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल, तर ती हेड गॅस्केटची गोष्ट आहे. तिथे या उत्तराचा उपयोग नाही.

तुमच्याकडे सकाळी पांढरा धूर आहे. म्हणजे सकाळच्या तक्रारीत डिझेलची बाजू सुटली. उरली उष्णता.

या छोट्या इंजिनांत डिझेल थेट पिस्टनवर न फवारता हेडमधल्या एका लहानशा कप्प्यात फवारलं जातं. इंजिनाचा आवाज त्यामुळे मऊ राहतो, पण त्या कप्प्याच्या गार भिंती दाबलेल्या हवेची उष्णता शोषून घेतात. म्हणून प्रत्येक सिलिंडरला तो कप्पा आधी तापवणारा एक हीटर प्लग दिलेला असतो. तीनपैकी एक प्लग जळाला तर मे महिन्यात कुणाला कळतही नाही. दोन जळाले तरी पावसाळा निघतो. निफाडला थंडीच्या लाटेत पारा पाच-सहा अंशांच्या खाली जातो तेव्हा मात्र तिन्ही प्लग लागतात, आणि तोच तुमचा फवारणीचा हंगाम. ट्रॅक्टर दर हिवाळ्यात ‘अचानक’ बिघडतो तो असा. प्लग बिचारा एप्रिलमध्येच गेलेला असतो.

तपासायला दहा मिनिटं पुरतात. हेडच्या बाजूला तिन्ही प्लगना जोडणारी पितळी किंवा लोखंडी पट्टी दिसेल. बॅटरीची वायर काढून पट्टीचे नट सोडवा, पट्टी बाजूला घ्या. मीटर ओहमवर ठेवा, एक टोक प्लगच्या शेंड्याला, दुसरं इंजिनाच्या उघड्या लोखंडाला. चांगला प्लग एक-दीड ओहमच्या आसपास दाखवतो. जळालेला काहीच दाखवत नाही, तार तुटल्यासारखा. मीटर नसेल तर इंडिकेटरचा बल्ब घ्या. त्याची एक वायर थेट बॅटरीच्या प्लसला, दुसरी प्लगच्या शेंड्याला. या तपासणीपुरती बॅटरीची वायर परत जोडा, पट्टी बाजूलाच राहू द्या. बल्ब लागला तर प्लगची तार शाबूत. तिन्ही चांगले निघाले तर पट्टी परत लावा, चावी हीटरवर धरा आणि पट्टीवर व्होल्ट येतात का ते बघा. नाही आले तर रिले, फ्यूज किंवा चावीचा स्विच. जुन्या ट्रॅक्टरवर बऱ्याचदा असं सापडतं की कुणीतरी मधल्या काळात हीटरची वायरच काढून टाकलेली असते. सेकंडहँड ट्रॅक्टरला तर हमखास.

प्लग बदलताना दोन गोष्टी सांभाळा. एक, अंगावर छापलेले व्होल्ट बघून तसलाच घ्या. दिसायला सारखे पण कमी व्होल्टचे प्लग मिळतात, ते बारा व्होल्टवर दोन सकाळींत जळतात. दोन, प्लग इंजिन गरम असताना काढा. आदल्या दिवशी आट्यांत गंज सुटायचं तेल सोडून ठेवा आणि पाना अडला तर जोर लावू नका, मागेपुढे करत सोडवा. प्लग हेडमध्ये तुटला तर हेड उतरवावं लागतं, मग गॅरेजवाल्याचे वीस हजार खरे होतात.

सवयीचंही बघा. जुन्या धाटणीचा प्लग तापायला पंधरा-वीस सेकंद घेतो. घाईत चार सेकंद धरून सेल्फ मारला तर प्लग असून नसल्यासारखा. थंडीत वीस सेकंद हीटर, ॲक्सिलेटर अर्धा, क्लच पूर्ण दाबलेला, मग सेल्फ. क्लच कशाला? गार गिअरबॉक्समधलं घट्ट ऑइल ढवळण्यात सेल्फची ताकद जाते, ती वाचते.

ढकलल्यावर ट्रॅक्टर घेतो, हा तुमच्या प्रश्नातला सगळ्यात बोलका भाग आहे. ढकलून इंजिन जास्त वेगाने फिरतं, हवा झटकन दाबली जाते, भिंतीत उष्णता मुरायला वेळ मिळत नाही. याचा अर्थ तुमचा सेल्फ इंजिनाला पुरेसा वेग देत नाहीये. प्लगबरोबर हेही तपासायला हवं. कानाला इंजिन फिरताना ऐकू येतं, पण ‘फिरतं’ आणि ‘जोरात फिरतं’ यांत थंडीत जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

रात्रभर उभ्या ट्रॅक्टरच्या चांगल्या बॅटरीवर मीटर १२.६ व्होल्ट दाखवतो. १२.२ म्हणजे निम्मी उतरलेली, १२ च्या खाली म्हणजे रिकामीच. सेल्फ मारत असताना बॅटरीच्या शिशाच्या खुंट्यांवर मीटर धरा. साडेनऊच्या खाली घसरला तर बॅटरी थकली किंवा सेल्फ जास्त करंट ओढतोय. साडेदहा-अकराच्या वर राहतो आणि तरीही इंजिन रखडत फिरतं, तर बॅटरी निर्दोष आहे. करंट वाटेत कुठेतरी अडतोय. मग मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनस खुंटीवर आणि दुसरं इंजिनाच्या ब्लॉकवर ठेवून पुन्हा सेल्फ मारा. खरं तर तिथे जवळजवळ शून्य हवं. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर अर्थिंगची पट्टी खराब. तसंच प्लसच्या बाजूला, खुंटीपासून सेल्फच्या बोल्टपर्यंत.

द्राक्ष बागेतल्या ट्रॅक्टरला हा त्रास शेतातल्या ट्रॅक्टरपेक्षा लवकर होतो. बोर्डो म्हणजे मोरचूद आणि चुना. ब्लोअरचा फवारा वाऱ्याने पुढे येतो आणि अख्ख्या ट्रॅक्टरवर बसतो. मोरचुदाचं पाणी लोखंड खातं, चुना वाळून पापुद्रा धरतो, वर गंधकाची भुकटी. अर्थिंगची पट्टी चेसीला जिथे बोल्टने आवळलेली असते तिथे वरून सगळं घट्ट दिसतं, खोलून बघितलं की पट्टी आणि लोखंड यांच्यामध्ये हिरवट-तपकिरी थर निघतो. दोन्ही बाजू पॉलिश पेपरने चकचकीत करा, आवळा आणि वरून ग्रीस किंवा व्हॅसलिन लावा. ग्रीस आवळल्यानंतर वरून, आधी मध्ये नाही. फवारणी झाल्यावर ब्लोअरची टाकी, पंप, नोझल धुता तसा बॅटरीचा आणि सेल्फचा भागही साध्या पाण्याने हलका धुवा, पण इंजिन गार झाल्यावर आणि प्रेशर गन न मारता.

सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांच्या वर मारू नका, मध्ये मिनिटभर थांबा. मिनिट-मिनिट सेल्फ मारून लोक सेल्फची कॉइल जाळतात आणि मग एका बिघाडाचे दोन होतात. आणि चावी फिरवल्यावर सेल्फ हूं की चूं करत नसेल तर आधी क्लच पेडलजवळचा आणि पीटीओच्या (ब्लोअर फिरवणाऱ्या मागच्या शाफ्टच्या) लिव्हरजवळचा सुरक्षा स्विच बघा. बागेत काडी अडकून तो वाकलेला असतो किंवा वायर निघालेली असते.

इंजिन ऑइल कोणतं आहे तेही विचारून घ्या. स्वस्त म्हणून कुणी जाड ऑइल भरलेलं असेल तर थंड सकाळी ते काकवीसारखं होतं. १५डब्ल्यू-४० जाडीचं ऑइल बऱ्याच छोट्या इंजिनांना आपल्याकडच्या हिवाळ्यात चालतं; पुस्तिकेत दिलंय तेच भरा.

एक सक्त सूचना. हीटर प्लग असलेल्या इंजिनात स्टार्टिंगचा स्प्रे मारू नका. तापलेल्या प्लगवर तो वेळेच्या आधीच भडकतो, पिस्टन अर्ध्यातच असताना. पिस्टनवरची रिंगांच्या मधली धार तुटते, कनेक्टिंग रॉड वाकतो. एअर क्लीनरच्या तोंडाशी पेटता बोळा धरायची जुनी पद्धत मी बंद पडलेल्या एक सिलिंडरच्या इंजिनांवर पाहिली आहे. सुरू होतं, नाही असं नाही. त्याबरोबर जळका कपडाही आत जातो. पेट्रोलचा बोळा तर विचारातही आणू नका.

आता दुसरी तक्रार. ही मला पहिलीपेक्षा जास्त आवडते, कारण हिच्यात ट्रॅक्टर स्वतःच उत्तर देतो.

अठरा एचपीचं इंजिन पूर्ण लोडवर ताशी साधारण चार-साडेचार लिटर डिझेल जाळतं. मिनिटाला सत्तर-पंचाहत्तर मिली. नुसतं उभं असताना याचा छोटासा हिस्सा पुरतो. ब्लोअर म्हणजे सतत लोड, नांगरासारखा वळणावर उचलला जात नाही. वाटेत कुठे अडथळा असेल तर उभ्या इंजिनाला तो जाणवत नाही, ब्लोअरला जाणवतो. आधी फिल्टरच्या भांड्यात साठलेलं डिझेल संपतं, मग मागून येणारा पुरवठा कमी पडतो, रेस खाली येते, बंद. दहा मिनिटं थांबलं की भांडं पुन्हा भरतं. म्हणून पुन्हा सुरू. काही तुटलं असतं तर स्वतःहून जुळलं नसतं.

पहिली तपासणी टाकीच्या झाकणाची. झाकणात हवा आत जायला एक बारीक छिद्र असतं. डिझेल जेवढं खाली जातं तेवढी हवा वरून आत यायला हवी. ते छिद्र बुजलं तर टाकीत पोकळी तयार होते आणि डिझेल येईनासं होतं. बागेतल्या ट्रॅक्टरवर हे छिद्र चुन्याच्या पापुद्र्याने बुजतं, नाहीतर कुंभारमाशी मातीने लिंपते. पुढच्या वेळी रेस खाली यायला लागली की ब्लोअर चालू असतानाच टाकीचं झाकण सैल करा. ‘फुस्स’ करून हवा आत गेली आणि इंजिनाने उचल घेतली तर बिघाड सापडला. सुई-दोऱ्यातल्या सुईने छिद्र मोकळं करा, झाकण रॉकेलमध्ये किंवा डिझेलमध्ये धुवा, पाण्याने नाही. झाकण कायमचं सैल ठेवून फवारणी करू नका. बोर्डो टाकीत गेला तर पुढचं काम माझ्याकडे येईल आणि ते स्वस्त नसेल.

झाकण सैल करून फरक पडला नाही तर फिल्टरकडे येणारा पाईप फिल्टरपाशी सोडवा आणि बाटलीत धरा. टाकी वरच्या बाजूला असेल तर डिझेल आपोआप येईल, टाकी खाली असेल तर फीड पंपाचा (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या छोट्या पंपाचा) हातपंप मारावा लागेल. अर्ध्या लिटरची बाटली दोन मिनिटांच्या आत भरली पाहिजे. पण पहिल्या धारेवर विश्वास ठेवू नका. तीन-चार बाटल्या भरा. धार सुरुवातीला जाड आणि हळूहळू दोऱ्यासारखी होत गेली तर टाकीच्या तळाशी कचरा आहे. डिझेल वाहायला लागलं की तो तोंडाकडे ओढला जातो, वाहणं थांबलं की खाली बसतो. वीस मिनिटं चालणं आणि दहा मिनिटं थांबून बरं होणं, हे या कचऱ्याचं वेळापत्रक आहे. मला तुमच्या ट्रॅक्टरमध्ये हेच सापडेल असं वाटतं; झाकण दुसऱ्या नंबरवर.

फिल्टर नवे टाकूनही फरक पडला नाही, हेही त्याला धरूनच आहे. अडथळा फिल्टरच्या आधी आहे. आणि फिल्टरच्या आधी अशा दोन जागा आहेत ज्या बहुतेक मिस्त्री उघडत नाहीत. एक, टाकीच्या कॉकच्या आत उभी असणारी जाळी. दुसरी, फीड पंपाला डिझेल आत येतं त्या पोकळ बोल्टमध्ये किंवा त्याच्या छोट्या काचेच्या वाटीत बसवलेली बारीक जाळी. बोटाच्या पेराएवढी. ती काढून उजेडासमोर धरा. चांगल्या जाळीतून उजेड एकसारखा दिसतो. बुजलेलीवर काळसर बुळबुळीत थर असतो, बोटाने चोळला की शेवाळासारखा सरकतो. डिझेल आणि पाणी जिथे एकमेकांना टेकतात तिथे जिवाणू आणि बुरशी वाढतात, हा त्यांचाच थर. म्हणजे टाकीत पाणी आहे.

पाणी येतं कुठून? डिझेल लिटरला सव्वाआठशे-साडेआठशे ग्रॅम भरतं, पाणी किलोभर. म्हणून पाणी नेहमी तळाला. अर्धी टाकी रात्रभर उघड्यावर राहिली की रिकाम्या भागातली दमट हवा पत्र्यावर निथळते. संध्याकाळी टाकी भरून ठेवली तर हे जवळजवळ थांबतं. दुसरं, कॅन. पेट्रोल पंपावरून आणलेला कॅन शेडमध्ये रात्रभर स्थिर राहू द्या आणि तळाचं अर्धा-पाऊण लिटर टाकीत ओतूच नका. ते वेगळ्या बाटलीत काढून उन्हात धरून बघा, खाली पाण्याचे गोळे दिसतात का ते. कॅनचा उपयोग आधी औषधासाठी झाला असेल तर तो डिझेलला वापरू नका, कितीही धुतला असला तरी.

टाकी धुवायची तर पूर्ण रिकामी करून, कॉक काढून, दोन-तीन लिटर स्वच्छ डिझेल टाकून खळबळून, गाळ संपेपर्यंत. पाण्याने किंवा साबणाने धुवू नका. आतून गंजाचे पापुद्रे निघत असतील तर टाकीत मूठभर गुळगुळीत नट टाकून हलवायची पद्धत आहे. नट मोजून टाका आणि मोजून काढा. तळाशी भोक पडण्याइतकी गंजली असेल तर टाकी बदला. रिकाम्या डिझेल टाकीला वेल्डिंग लावणं हे जिवावरचं काम आहे. रिकामी दिसते, पण वाफ भरलेली असते.

जाळ्या, टाकी काही खोललं की पुढे डिझेलच्या पाईपांत शिरलेल्या हवेचा प्रश्न येतोच, म्हणून तो नीट सांगतो. वर्षभरात ‘पंप गेला’ म्हणून माझ्याकडे आलेल्या ट्रॅक्टरांत हवा धरलेलेच जास्त निघतात.

टाकी इंजिनापेक्षा उंच असेल तर सैल जोडातून डिझेल बाहेर गळतं आणि तुम्हाला दिसतं. टाकी खाली असेल तर फीड पंप डिझेल ओढतो, आणि त्याच सैल जोडातून हवा आत जाते. बाहेर एक थेंब दिसत नाही. मालक म्हणतो ‘कुठे गळत नाही’, आणि तो खरंच बोलत असतो. हे पकडायला टाकी आणि फीड पंप यांच्या मध्ये हातभर पारदर्शक पाईप तात्पुरता बसवा, क्लिप नीट आवळून, आणि इंजिन चालू करा. स्वच्छ डिझेल वाहताना पाईप रिकामाच वाटतो, इतकं ते नितळ असतं. बुडबुड्यांची माळ दिसली तर हवा त्या पाईपच्या मागे, टाकीच्या बाजूला कुठेतरी शिरतेय. दिसली नाही तर पाईप एक जोड पुढे सरकवा.

हवा शिरण्याची नेहमीची जागा म्हणजे पोकळ बोल्टखालचा तांब्याचा वॉशर आणि कडक झालेला रबरी पाईप. तांब्याचा वॉशर एकदा आवळला की कडक होतो आणि दुसऱ्यांदा नीट बसत नाही. नवा मिळाला तर नवा टाका, स्वस्त वस्तू आहे. बांधावर मिळणं शक्य नसेल तर जुना वॉशर तारेत धरून गॅसवर लालबुंद करा आणि पाण्यात बुडवा. लोखंड असं केल्यावर कडक होतं, तांबं मऊ होतं. बारीक पॉलिश पेपरने दोन्ही बाजू साफ करून परत लावा. या जोडांना प्लंबरची पांढरी टेप गुंडाळू नका. तिचे तुकडे सुटून पंपात जातात. रबरी पाईप क्लिपपाशी वाकवून बघा, भेगा उघडतात. २००९ चं रबर असेल तर बघायचीही गरज नाही, बदला.

हवा काढायचा क्रम टाकीपासून नोझलकडे, उलटा नाही. कॉक उघडा. पहिल्या फिल्टरवरचा एअर स्क्रू दोन आटे सैल करा आणि हातपंप मारा. आधी फेस येईल, मग बुडबुडे, मग सलग धार. सलग धार चालू असतानाच स्क्रू आवळा. दुसरा फिल्टर, मग पंपावरचा स्क्रू, तसंच. त्यानंतर नोझलवरच्या तिन्ही नळ्यांचे नट अर्धा-एक आटा सैल करा, ॲक्सिलेटर पूर्ण, स्टॉपचा नॉब आत, आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. प्रत्येक नटाखालून डिझेल पिचकाऱ्या मारत आलं की एकेक आवळत जा. दुसरा आवळताना बरेचदा इंजिन घेतंच.

इथे हात सांभाळा. या नोझलमधून डिझेल चौरस सेंटिमीटरला शंभर-सव्वाशे किलोच्या पुढच्या दाबाने फवारतं. सैल नटातून ते नुसतं उडतं, पण नळीला बारीक चीर असेल किंवा बाहेर काढलेलं नोझल फवारत असेल तर ती धार कातडी भेदून आत जाते. जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसते, फार दुखतही नाही, आणि बोट काही तासांत काळं पडायला लागतं. गळती शोधायला पुठ्ठ्याचा तुकडा फिरवा, हात कधीच नाही. लागलंच तर घरी मलम न लावता सरळ मोठ्या दवाखान्यात जा आणि ‘दाबाखालचं डिझेल आत गेलंय’ असं स्पष्ट सांगा.

ज्यांच्या ट्रॅक्टरला सेल्फ मारताना धूरच येत नाही त्यांनी हे सगळं करण्याआधी स्टॉपचा नॉब बघावा. त्याची केबल धुळीने आणि औषधाने जाम होते, नॉब आत ढकलला तरी पंपावरची दांडी ‘बंद’वरच राहते. ती दांडी हाताने चालूच्या बाजूला ढकला. एवढ्यावर सुरू झालेले ट्रॅक्टर टेम्पोत घालून शहरापर्यंत आलेले मी पाहिले आहेत. विजेवर चालणारा स्टॉप सोलेनॉइड असेल तर चावी फिरवल्यावर ‘टक्’ असा आवाज यायला हवा. हा सोलेनॉइड तापला की सोडतो आणि गार झाला की धरतो, तेव्हा वीस मिनिटांनी बंद पडण्यामागे तोही असू शकतो. फरक एवढाच की तो फटकन बंद करतो, तुमच्यासारखा गचके देत नाही.

नवीन डिझेलमुळे पंप जातात, असं आताशा पारावर फार ऐकू येतं. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या मानकाचं) डिझेल आलं आणि त्यातल्या गंधकाचं प्रमाण दहा लाखांत ५० भागांवरून १० भागांवर गेलं, हे खरं. गंधक काढताना डिझेलचा वंगणपणा कमी होतो, हेही खरं. पण वंगणपणाचीही मर्यादा ठरलेली आहे आणि रिफायनरीत ती राखण्यासाठी वेगळं द्रव्य मिसळतात. रॉकेल मिसळलेलं डिझेल मात्र पंप नक्की खातं, कारण पंपाच्या आतल्या भागांना डिझेलशिवाय दुसरं वंगण नाही. टाकीत टू-स्ट्रोक ऑइल ओतायचे सल्ले मिळतील. स्वच्छ डिझेल भरा, पुरे.

आता अपवाद. घासलेला पंप कसा ओळखायचा? गार असताना ठीक सुरू होतो, पण चांगला तापल्यावर बंद केला की घेत नाही, कारण गरम पातळ डिझेल घासलेल्या फटीतून मागे निसटतं. गोल वितरक धाटणीच्या (एकाच भागातून सगळ्या सिलिंडरना आळीपाळीने डिझेल देणाऱ्या) पंपावर अशा वेळी गार पाण्यात भिजवलेलं फडकं पाच मिनिटं गुंडाळतात. त्यानंतर घेतला तर पंप घासलाय. तुमचं उलट आहे: गार असताना घेत नाही, गरम असताना घेतो. दुसरी खूण, इंजिन ऑइलची पातळी न भरता वाढत जाणं आणि गेजच्या कांडीला डिझेलचा वास येणं. तसं असेल तर ट्रॅक्टर चालवूच नका, पातळ ऑइलवर बेअरिंग जातात. तिसरी, सगळी हवा काढून, दांडी मोकळी असूनही नोझलच्या नटाखालून पिचकारी न येणं.

प्लग, बॅटरी, अर्थिंग सगळं ठीक निघूनही सकाळचा पांढरा धूर राहिला, तर पंपाच्या आधी टॅपेट (व्हॉल्व दाबणाऱ्या भागाची फट) तपासा आणि नोझल टेस्ट करून घ्या. टॅपेट घट्ट झालं की व्हॉल्व पूर्ण मिटत नाही आणि कॉम्प्रेशन निसटतं. बऱ्याच छोट्या इंजिनांत गार असताना ०.२५ मिमी फट असते, पण आपल्या मॉडेलच्या पुस्तिकेतला आकडा घ्या. नोझल टेस्टरवर धुक्यासारखं फवारायला हवं. टोकाला थेंब लोंबत असेल तर ते सकाळी पेटणार नाही. नोझल परत बसवताना खालचा उष्णतेचा वॉशर नवा.

आणि एवढं सगळं करूनही पंप उतरवायची वेळ आलीच, तर मिस्त्रीला पंप खोलायला सांगू नका, पंपाच्या टेस्ट बेंचवर लावून आकडे काढायला सांगा आणि ते आकडे मागून घ्या. पंप उतरवताना स्वतः शेजारी उभे राहा. या छोट्या इंजिनांत पंप आणि ब्लॉक यांच्या मध्ये कागदासारख्या पातळ पत्र्याच्या चकत्या असतात. डिझेल किती आधी फवारलं जाईल हे त्यांच्या जाडीवर ठरतं. चकत्या किती होत्या ते मोजा, तारेत ओवून मडगार्डला बांधून ठेवा, आणि पंप परत बसेल तेव्हा तेवढ्याच घालायला लावा. एक कमी-जास्त झाली की टायमिंग हलतं आणि पांढरा धूर नव्याने सुरू होतो, या वेळी खऱ्याखुऱ्या पंपाच्या कारणाने.